घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे : वर्षातून एकदा तपासणी हवीच

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात आपण एरवी बी-बियाणे, खते, फवारणी आणि जनावरांची निगा याविषयी बोलतो. आज मात्र मी तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या डोळ्यांविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "शेतीचे साहेब, आणि डोळ्यांचं काय सांगायला लागले?" प्रश्न बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेले आणि गावोगाव फिरताना पाहिलेले तेवढेच मी सांगणार आहे. पण हा विषय शेतीच्या बाहेरचा आहे असे मात्र मला वाटत नाही.

कारण बघा. गावात बैठक संपली की पन्नाशी-साठीचे एखादे गृहस्थ मागे थांबतात, पिशवीतून औषधाची बाटली काढतात आणि म्हणतात, "साहेब, यावर काय लिहिलंय तेवढं वाचा." माणूस शिकलेला असतो. पेपर वाचणारा असतो. पण बाटलीवरची अक्षरे मुंगीएवढी, आणि डोळ्यांना चाळिशी लागून वीस वर्षे झालेली. मग माप अंदाजाने घेतले जाते. दहा मिलिच्या जागी वीस मिलि पडते. पिकाचे नुकसान वेगळे आणि अंगावर विष घेणे वेगळे.

औषधाच्या डब्यावर एक चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो, हे आपण पूर्वी सांगितलेच आहे. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. आता ज्याच्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला आहे त्याला रंग फिके आणि मळकट दिसतात. निळा की हिरवा हे त्याला नीट कळत नाही. म्हणजे आम्ही दिलेला सल्ला त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी गोष्ट. रात्रीची लाइट आली की पाणी द्यायला बरेचदा घरातले म्हातारे गृहस्थच जातात. अंधारात बांधावरून चालायचे, स्टार्टरचे बटण चाचपायचे, विहिरीच्या कडेने वळायचे. नजर अधू असेल तर त्याचा अर्थ काय होतो हे मी सांगायला नको. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. अशा पडण्यामागे पुष्कळदा कमी झालेली नजर असते.

म्हातारी माणसे सांगत नाहीत

पायात काटा मोडला तर माणूस ओरडतो. दात दुखला तर गाल धरून बसतो. पण नजर कमी होते तेव्हा बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. रोज थोडी थोडी कमी होते, आणि माणूस तेवढ्यात भागवायला शिकतो. घरातली पायरी पायाला पाठ असते. माणूस आवाजावरून ओळखता येतो. त्यातून आपली म्हातारी माणसे भिडस्त. "आता वय झालं, चालायचंच. पोरांना कशाला खर्चात घालायचं?" असे म्हणून गप्प बसतात.

तेव्हा त्यांनी सांगण्याची वाट न बघता घरातल्या माणसांनी ओळखावे. कशावरून ओळखायचे?

आई चहा ओतताना कपाबाहेर सांडू लागली आहे का? तिने निवडलेल्या तांदळात खडे राहू लागले आहेत का? सुनेने "आत्याबाई, नीट बघून निवडा की" म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे, की तो बहुधा निष्काळजीपणा नसतो. वडील "हा बल्ब बदला रे, उजेड पडत नाही" असे वारंवार म्हणतात का? बाजारात शंभराची आणि पाचशेची नोट ओळखताना घोटाळा होतो का? रस्त्यात समोरून येणाऱ्याला तो बोलेपर्यंत ओळखत नाहीत का? रात्री समोरून गाडी आली की दिव्याने डोळे दिपतात आणि जागच्या जागी उभे राहतात का? लग्नकार्याला, कीर्तनाला जायचे हळूहळू बंद झाले आहे का? यातले एक जरी दिसले तरी डोळे दाखवायची वेळ झाली असे समजावे.

आणखी एक फसवी खूण सांगतो. कधी कधी सत्तरीतले आजोबा एक दिवस चष्मा काढून ठेवतात आणि पोथी नुसत्या डोळ्यांनी वाचू लागतात. सगळे घर आनंदते. "आजोबांची नजर परत आली!" मंडळी, तसे नसते. मोतीबिंदू धरू लागला की डोळ्यातल्या भिंगाचा नंबर बदलतो आणि काही काळ जवळचे बरे दिसते. दूरचे मात्र अंधूक होत जाते. ही नजर परत आल्याची खूण नसून जाऊ लागल्याची खूण असू शकते.

एकेक डोळा झाकून बघा

बैल विकत घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, आणि डोळ्यासमोर हात फिरवून दोन्ही डोळ्यांनी दिसते ना याची खात्री करतो. एवढी पारख आपल्याला जनावराची असते. तीच आपण घरातल्या माणसाची करावी.

वडिलांना अंगणात, चांगल्या उजेडात, खुर्चीवर बसवा. चष्मा असेल तर लावू द्या. तुम्ही वीस फुटांवर उभे राहा. त्यांना एक डोळा तळहाताने झाकायला सांगा, मात्र डोळा दाबू नये. आता तुम्ही बोटे दाखवा. कधी दोन, कधी चार, कधी एक. त्यांनी सांगावे किती आहेत. मग दुसरा डोळा झाकून तसेच करा.

एकेक डोळा झाकणे महत्त्वाचे आहे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याचे काम भागवून नेतो. एका बैलाने जू ओढावे आणि दुसऱ्याने नुसते बरोबर चालावे, तसेच. कितीतरी जणांना एक डोळा जवळजवळ गेल्याचे अशी तपासणी केल्यावरच कळते. बोटे चुकली, किंवा दोन डोळ्यांत फरक वाटला, तर लगेच दवाखाना गाठावा.

मात्र बोटे बरोबर सांगितली म्हणून डोळे निरोगी आहेत असे समजू नका. याचे कारण पुढे सांगतो.

पिवळ्या पानाची गोष्ट

तुमच्यापैकी पुष्कळजण पिवळे पडलेले पान घेऊन आमच्याकडे येतात. पान पिवळे पडले एवढेच तुम्हाला दिसते. पण ते नत्र कमी पडल्याने, पाणी साचल्याने, मुळाशी कीड लागल्याने किंवा रोगाने पिवळे पडलेले असू शकते. प्रत्येकाचा उपाय निराळा. नुसत्या अंदाजाने युरिया टाकला तर काही वेळा पीक हातचे जाते.

डोळ्यांचे अगदी तसेच आहे. "अंधूक दिसते" ही एकच तक्रार, पण तिची कारणे वेगळी. काही कारणांत गेलेली नजर परत मिळते. काही कारणांत एकदा गेली की जगातला कोणताही डॉक्टर ती परत आणू शकत नाही. यातले आपले कारण कोणते, हे घरी बसून ओळखता येत नाही. आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे. आता त्यातली चार कारणे बघू.

पहिले : चष्म्याचा नंबर

चाळिशीनंतर जवळचे वाचायला त्रास होणे हे केस पिकण्याइतके साहजिक आहे. त्याला औषध नाही, चष्मा आहे. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत चुकीची आहे. बाजारात टोपलीतला चष्मा उचलून लावण्यापेक्षा डोळे तपासून घ्यावेत, कारण दोन डोळ्यांचा नंबर बरेचदा वेगवेगळा असतो. शिवाय टोपलीतला चष्मा विकणारा माणूस डोळ्यातला आजार सांगत नाही.

दुसरे : मोतीबिंदू

डोळ्याच्या बाहुलीमागे काचेसारखे स्वच्छ भिंग असते. वयाप्रमाणे ते धुरकट होत जाते, यालाच मोतीबिंदू म्हणतात. कंदिलाची काच काजळल्यावर आतली ज्योत चांगली असूनही उजेड बाहेर पडत नाही, तशातला प्रकार. फरक एवढाच, की ही काच पुसून स्वच्छ होत नाही, ती बदलावी लागते.

भारतात २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढच्या लोकांची देशव्यापी पाहणी झाली. त्यात दर शंभर अंधांपैकी सुमारे ६६ जणांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू आढळले. म्हणजे त्या शंभरांतल्या ६६ जणांच्या आजारावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे, तरीही ते अंधारात बसले आहेत. मोतीबिंदूबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आता घेऊ.

"मोतीबिंदू पिकावा लागतो ना?" नाही. पूर्वीच्या पद्धतीत पिकण्याची वाट बघत असत, आता तशी गरज नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करता येते. उलट फार पिकू दिला तर तो फुगतो किंवा आतल्या आत पाझरतो, डोळ्यातला दाब वाढतो, डोळा लाल होऊन असह्य दुखतो आणि नजर कायमची जाऊ शकते. कापूस फुटला की वेचायचा असतो. पावसात भिजेपर्यंत झाडावर ठेवायचा नसतो.

"थंडीतच करावं म्हणतात?" आता ऋतूचे बंधन राहिलेले नाही. स्वच्छता आणि थेंब नीट सांभाळले तर उन्हाळा-पावसाळा कधीही करता येते.

"थेंब टाकून विरघळतो का?" नाही. मोतीबिंदू घालवणारे थेंब, सुरमा किंवा पाला नाही. तसे सांगणाऱ्यावर पैसे घालवू नका.

"पट्टी बांधून आठ दिवस पडून राहावं लागेल?" ती जुन्या काळची गोष्ट. त्या वेळी भिंग काढून टाकत आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. डोळ्यात कृत्रिम भिंग पहिल्यांदा १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी बसवले. आपल्याकडे १९९० नंतर ही पद्धत हळूहळू सर्वत्र रुजली. आता डोळा बधिर करून थोड्या वेळात शस्त्रक्रिया होते, धुरकट भिंग काढून तिथे नवे बसवतात आणि माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो.

"साखर आहे, रक्तदाब आहे, मग?" दोन्ही आटोक्यात आणून शस्त्रक्रिया करता येते. म्हणूनच आधी रक्त-लघवी आणि रक्तदाब तपासतात. डॉक्टरांपासून काही लपवू नका आणि चालू असलेल्या गोळ्या बरोबर न्या.

"खर्च किती?" आपल्या देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याखाली सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईंकडे करावी.

"ऐंशी वर्षं झाली, आता कशाला?" ऐंशी वर्षांच्या माणसालाही नातवाचे तोंड बघायचे असते. स्वतःचे ताट स्वतः ओढून घ्यायचे असते, रात्री कुणाला न उठवता बाहेर जाऊन यायचे असते. वयाचे बंधन नाही, प्रकृती साथ देते का एवढेच डॉक्टर बघतात.

इथे भगिनींसाठी एक वेगळी गोष्ट सांगतो. पुष्कळ घरांत आजोबांची शस्त्रक्रिया होते आणि आजींची राहून जाते. "मी गेले तर चूल कोण पेटवील? मला काय, घरातच तर असते," असे आजी म्हणतात. पण चुलीशी, विळीशी आणि उकळत्या भांड्यांशी दिवसभर त्यांचीच गाठ असते. चुलीच्या धुराने मोतीबिंदूचा धोका वाढतो असेही दिसून आले आहे. तेव्हा आजोबांना नेताना त्याच गाडीत आजींनाही न्या.

तिसरे : काचबिंदू

नावात 'बिंदू' असल्याने लोक याला मोतीबिंदूचा भाऊ समजतात. पण हा आजार अगदी वेगळा आहे. यात डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. सुरुवातीला समोरचे स्वच्छ दिसते, बाजूचे दिसेनासे होते. माणूस दारावर खांदा आपटतो, बाजूने आलेले जनावर त्याला दिसत नाही. बोटे मात्र बरोबर मोजतो! म्हणून मघाशी म्हटले, की बोटांची परीक्षा पुरेशी नाही. शेवटी नळीतून बघावे तेवढेच दिसते, आणि मग तेही जाते. गेलेले परत येत नाही. पण वेळेवर सापडला तर थेंबांनी, काही वेळा लेसरने किंवा शस्त्रक्रियेने उरलेली नजर राखता येते.

माझ्या माहितीत एका गावातले बासष्ट वर्षांचे गृहस्थ होते. जिरायती ज्वारीचे चांगले शेतकरी. एका डोळ्याने कमी दिसू लागले तेव्हा पारावरच्या मंडळींनी सांगितले, "मोतीबिंदू हाय. पिकू दे, सुगी झाली की बघू." एक सुगी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वर्षी मुलाने मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की मोतीबिंदू नाममात्र आहे, खरा आजार काचबिंदू आहे, आणि त्या डोळ्याचे आता काही करता येणार नाही. गृहस्थ म्हणाले, "पण ह्यो कधी दुखलाच नाही की हो!" दुसऱ्या डोळ्यातही आजार होता, पण तो थेंबांनी आटोक्यात राहिला. डॉक्टरांनी मग त्यांच्या धाकट्या भावाला बोलावून घेतले, कारण हा आजार घराण्यात चालतो. भावाला कसलाही त्रास नव्हता, तरी त्याच्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात सापडली. तो आज दोन्ही डोळ्यांनी बघतो आहे. एकाच घरातले दोन भाऊ. एकाने नजर कमी झाल्यावरही वाट बघितली, दुसरा कमी होण्याआधी गेला.

म्हणून आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने डोळ्यातला दाब आणि नस तपासून घ्यावी. थेंब सुरू झाले तर ते आयुष्यभराचे असतात. "बरं वाटतंय" म्हणून बाटली संपल्यावर बंद करू नयेत. काचबिंदूत बरे वाटण्याला काही अर्थ नाही, कारण वाईटही कधी वाटलेले नसते.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र अचानक येतो. डोळा लाल होतो, डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडे दिसते. पित्त झाले म्हणून सोडा पिऊन झोपू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

चौथे : मधुमेह

साखरेचा आजार आता खेड्यातही घरोघर आहे. साखर फार दिवस वाढलेली राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. इथेही सुरुवातीला दिसण्यात काही फरक पडत नाही. डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा जाळे येईपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते. ज्याला मधुमेह आहे त्याने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घेतलाच पाहिजे, मग नजर कितीही चांगली असो.

या तपासणीसाठी थेंब टाकून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे नीट दिसत नाही. म्हणून बरोबर कुणीतरी न्यावे आणि परतताना स्वतः मोटारसायकल चालवू नये.

शेतात डोळ्याला इजा झाली तर

दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाची म्हण आपण ऐकतो. पण मळणीच्या दिवसांत खरे कुसळ स्वतःच्या डोळ्यात जाते त्याचे काय? भाताचे तूस, उसाचे पाते, बाजरीचे कुसळ बुबुळाला लागले की तिथे बारीक जखम होते आणि तीत बुरशी वाढू शकते. पिकावर बुरशी कशी पसरते हे तुम्हाला ठाऊक आहे. डोळा लाल होतो, पाणी येते, दुखतो, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. वेळेवर उपचार नाही झाले तर फूल पडते आणि नजर जाते.

अशा डोळ्यात मध, एरंडेल, दूध, कांद्याचा रस, कसलाही पाला पिळू नका. रुईचा चीक तर डोळा जाळून टाकतो. कुसळ पदराच्या टोकाने किंवा काडीने काढू नका. आणि मागच्या वेळची उरलेली थेंबाची बाटली किंवा दुकानदाराने दिलेले थेंब टाकू नका. काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली चटकन कमी होते, पण आत बुरशी जोमाने वाढते. असे थेंब डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय महिनोन्महिने टाकल्याने काचबिंदूही होतो.

फवारणीचे औषध किंवा तंबाखूबरोबरचा चुना डोळ्यात गेला तर एक क्षण वाया घालवू नका. जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या धरून, निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहा. मग दवाखान्यात जा. औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर न्या. गाडीची सोय नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. चुन्याची पुडी किंवा डबी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मळणी आणि फवारणी करताना साधा चष्मा किंवा गॉगल लावला तर यातले पुष्कळ टळते.

शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले असे नाही. रोप लावल्यावर आंबवणीचे पाणी द्यावे लागते, तशी पहिल्या काही आठवड्यांची काळजी घ्यावी लागते. थेंब सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेले दिवस टाकावेत. टाकणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, डोळा चोळू नये. गोठा, मळणी, चुलीचा धूर आणि जड ओझे यांपासून दूर राहावे. पुन्हा कामाला कधी लागायचे हे डॉक्टरांना विचारावे. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जावे.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधूक दिसू लागले तर "ऑपरेशन वाया गेलं" असे म्हणू नका. बसवलेल्या भिंगामागे कधी कधी पातळ जाळी धरते. ती लेसरने थोड्या वेळात दूर करता येते.

तपासणी केव्हा करावी?

चाळिशीनंतर एकदा डोळ्यातल्या दाबासह पूर्ण तपासणी करावी, आणि पुढे दर दोन वर्षांनी. साठीनंतर दरवर्षी. मधुमेह असेल किंवा घरात काचबिंदू असेल तर वयाकडे न बघता डॉक्टर सांगतील तशी, निदान दरवर्षी.

दरवर्षी म्हटले की ते राहून जाते. म्हणून एक दिवस बांधून घ्या. पोळ्याला किंवा बेंदराला आपण बैलांना आंघोळ घालतो, शिंगे रंगवतो, त्या दिवशी त्यांना कामाला जुंपत नाही. त्याच दिवशी अंगणात घरातल्या म्हाताऱ्या माणसांची बोटांची परीक्षा घ्या, आणि बोटे बरोबर आली तरी पुढच्या आठवड्यात त्यांना तपासणीला न्या. ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांची तपासणी कोणत्या वारी असते ते आशाताईंना आधी विचारून ठेवा, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही. जाताना जुना चष्मा, आधीचे कागद आणि चालू गोळ्या बरोबर घ्या. "चष्म्याचा नंबर काढा" एवढेच सांगू नका. "डोळ्यातला दाब आणि मागचा पडदाही बघा" असे स्पष्ट सांगा. तिथे सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या.

लक्षात ठेवा

१. नजर कमी होणे म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे. कारण शोधून घ्या.
२. एकेक डोळा झाकून घरी परीक्षा घ्या, पण तिच्यावर विसंबू नका.
३. मोतीबिंदू पिकण्याची किंवा थंडीची वाट बघू नका.
४. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. घरात एकाला असेल तर सर्वांची तपासणी करा.
५. मधुमेह असेल तर दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासा.
६. डोळ्यात झाडपाला, मध, तेल किंवा उरलेले थेंब टाकू नका.
७. विडी-सिगारेट सोडा. उन्हात टोपी किंवा पदर, मळणी-फवारणीला चष्मा वापरा.
८. आजोबांबरोबर आजींनाही न्या.

मंडळी, शेताची राखण आपण पीक उभे असताना करतो. पीक गेल्यावर राखण करून काय उपयोग? डोळ्यांचेही तेच आहे. ज्या माणसांनी उन्हातान्हात राबून ही जमीन राखली, त्यांच्यासाठी वर्षातला एक दिवस काढणे काही अवघड नाही. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आई-वडिलांना एवढेच विचारा, "आई, आबा, नीट दिसतं का हो?" आणि "दिसतं की" असे उत्तर आले, तरी एक डोळा झाकून बघाच.

नमस्कार.